कीफ्रेम टाकायला बसण्याआधी

व्हिडिओचा एडिट लॉक झाला आहे ना, म्हणजे कट आता बदलणार नाहीत ना, हे सगळ्यात आधी बघा. कीफ्रेम म्हणजे अमुक क्षणी जागा, आकार किंवा आवाज किती हवा याच्या खुणा; दोन खुणांमधला बदल सॉफ्टवेअर भरतं. या कीफ्रेम क्लिपला चिकटलेल्या असतात. नंतर क्लिपची सुरुवात छाटली की पहिली कीफ्रेम कटाबाहेर जाते आणि झूम अर्ध्यातूनच सुरू झालेला दिसतो. क्लिपचा वेग बदलायचा असेल तर तोही आत्ताच बदलून घ्या.

टाइमलाइनचा, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीचा, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) नक्की करा. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर अर्धा सेकंद म्हणजे 12-13 फ्रेम, आणि पुढचा सगळा हिशोब फ्रेममध्येच करायचा असतो. फोनवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बऱ्याचदा कमी-जास्त होत राहतो, त्या आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. झूम करणार असाल तर क्लिपचं रिझोल्युशन तपासा: 1920×1080 च्या टाइमलाइनवर 3840×2160 ची क्लिप 2 पट झूमपर्यंत पिक्सेल न ताणता टिकते.

आता कागद घ्या. प्रत्येक हालचालीसाठी कुठून, कुठे, किती वेळात आणि कशासाठी, हे लिहून काढा. ‘कशासाठी’ला उत्तर सुचत नसेल तर तो इफेक्ट गाळा, खरंच गाळा. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर 5 सेकंदांत 100 वरून 105 टक्क्यांपर्यंत जाणारा झूम प्रेक्षकाला जाणवतही नाही, पण त्याचं लक्ष धरून ठेवतो. उगाच गरगर फिरणारं टायटल मात्र बोलण्यावरचं लक्ष उडवतं.

टायटल आत आणायचं असेल तर शेवटची कीफ्रेम आधी टाका. टायटल जिथे स्थिरावणार ती जागा नीट जमवा, मग प्लेहेड (टाइमलाइनवरची सध्याची वेळ दाखवणारी रेघ) 12 फ्रेम मागे नेऊन टायटल चित्राच्या चौकटीबाहेर सरकवा. उलट क्रमाने गेलात तर अंतिम जागा नेहमी थोडी चुकते. स्केल (आकार) किंवा रोटेशन (फिरणं) वापरणार असाल तर अँकर पॉइंटही, म्हणजे ज्या बिंदूभोवती चित्र मोठं होतं किंवा फिरतं तो, आत्ताच ठरवा. कीफ्रेम टाकल्यावर तो हलवला की चित्रही जागचं हलतं.

आवाजाचंही लिहून ठेवा. बोलणं सुरू होताना संगीत खाली आणून नंतर परत वर न्यायचं तर 4 कीफ्रेम लागतात, 2 उतरताना आणि 2 चढताना. मधल्या दोन्हींची पातळी एकच हवी, नाहीतर बोलणं चालू असताना संगीत हळूहळू सरकत राहतं.

कीफ्रेमचा प्रकारही ठरवा: आत येऊन थांबणाऱ्या गोष्टीला ईझ (वेग हळूहळू बदलतो), सलग चालणाऱ्या संथ झूमला लिनियर (वेग एकसारखा) आणि झटक्यात बदलायच्या गोष्टीला होल्ड (पुढच्या कीफ्रेमपर्यंत बदल नाही), एवढी खूण प्रत्येक नोंदीपुढे करा.

सीक्वेन्सची, म्हणजे या टाइमलाइनवरच्या सगळ्या मांडणीची, एक कॉपी काढून ठेवा. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉपर्टीच्या (जागा, आकार वगैरे) नावाशेजारचं स्टॉपवॉचचं बटण, ज्याने कीफ्रेम सुरू होतात, ते बंद केलं की त्या प्रॉपर्टीच्या सगळ्या कीफ्रेम पुसल्या जातात. आणि प्रिव्ह्यू अडखळत असेल तर तेवढा भाग रेंडर करून, म्हणजे आधीच तयार करून घेऊन, पाहा, त्याआधी एकही कीफ्रेम हलवू नका.