अमेरिकी लष्करी विमानांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

या विषयाची गोडी लागली की बहुतेक जण आधी तक्ते पाठ करतात: कमाल वेग, पल्ला, किती क्षेपणास्त्रं. मग कुठलं विमान कुणाला भारी पडेल यावर तावातावाने वाद. वादात मजा आहे, पण इतिहास हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक विमानाला दोनच प्रश्न विचारा. ते कोणत्या कामासाठी मागवलं होतं? आणि प्रत्यक्षात त्याच्याकडून कोणतं काम करून घेतलं? या दोन उत्तरांत जेवढं अंतर, तेवढी गोष्ट मोठी.

पायरी १: नाव वाचायला शिका

एफ म्हणजे लढाऊ, बी म्हणजे बॉम्बफेकी, सी मालवाहू, के हवेत इंधन देणारं टँकर, टी प्रशिक्षणाचं, एक्स प्रायोगिक. पी म्हणजे सागरी गस्त. दाबोळीच्या नौदल तळावरचं आपलं पी-८आय याच घराण्यातलं. आकड्यानंतर येणारं अक्षर आवृत्तीचं, उदाहरणार्थ बी-५२एच.

ही पद्धत सप्टेंबर १९६२ पासूनची. त्याआधी नौदलाची नावं वेगळी आणि हवाई दलाची वेगळी. फँटम या एकाच लढाऊ विमानाला नौदल एफ४एच म्हणायचं, तर हवाई दल एफ-११०. पुढे दोघांसाठी ते एफ-४ झालं. दुसऱ्या महायुद्धात तर लढाऊ विमानांनाच पी हे अक्षर होतं, त्यामुळे पी-५१ मस्टँग १९४८ नंतर एफ-५१ झालेलं दिसतं. जुनी पुस्तकं वाचताना नवा माणूस इथे हमखास गोंधळतो.

काही नावं सरळ फसवतात. एफ-११७ हवेत कुणाशी लढायला बनलेलंच नाही, ते जमिनीवर बॉम्ब टाकतं. यू-२ मधला यू किरकोळ कामांच्या विमानांचा आहे, कारण ते हेरगिरी करतं हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

पायरी २: एकच विमान निवडा आणि त्याच्या मागे लागा

सुरुवातीला पन्नास विमानं नकोत. माझी शिफारस मस्टँगची, कारण त्याच्या गोष्टीत दोन देश, दोन इंजिनं आणि एक मोठी गरज आहे.

१९४० मध्ये ब्रिटनला विमानांची निकड होती. नॉर्थ अमेरिकन कंपनीने दुसऱ्या कंपनीचं पी-४० बनवून द्यावं, अशी ब्रिटिशांची मागणी होती. त्यापेक्षा नवीनच विमान देतो, असं कंपनीने सांगितलं आणि सुमारे शंभर दिवसांत सांगाडा उभा केला. २६ ऑक्टोबर १९४० ला पहिलं उड्डाण झालं. विमान चपळ होतं, पण त्यातलं ॲलिसन इंजिन उंचावर दमायचं. हवा विरळ झाली की ताकद उतरायची. म्हणून ब्रिटिशांनी ते खालच्या उंचीवरच्या टेहळणीला आणि हल्ल्यांना जुंपलं.

एप्रिल १९४२ मध्ये रोल्स-रॉइसचे चाचणी वैमानिक रॉनल्ड हार्कर यांनी ते उडवून पाहिलं आणि यात आपलं मर्लिन इंजिन बसवा असं सुचवलं. मर्लिन उंचावरही दमदार होतं. अमेरिकेत ते पॅकार्ड ही मोटारी बनवणारी कंपनी तयार करू लागली. नेमका तिकडे अमेरिकी बॉम्बफेकी ताफ्यांचा जर्मनीत फडशा पडत होता. १४ ऑक्टोबर १९४३ ला श्वाइनफुर्टवरच्या एका हल्ल्यात ६० बी-१७ विमानं गेली, कारण एवढ्या आतपर्यंत सोबत करू शकेल असं लढाऊ विमानच नव्हतं. वैमानिकाच्या पाठीमागे जादा टाकी आणि पंखांखाली टाकून देता येणाऱ्या टाक्या लावलेलं मर्लिन-मस्टँग डिसेंबर १९४३ पासून ही सोबत करू लागलं. मार्च १९४४ मध्ये ते बर्लिनवर होतं. वेग, बंदुका वगैरे ठीक, पण मस्टँगची खरी कमाई म्हणजे त्याचं इंधन.

अशीच उलटापालट बी-५२ मध्ये सापडेल. १९५२ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान खूप उंचावरून अणुबॉम्ब टाकण्यासाठी होतं. सोव्हिएत क्षेपणास्त्रं त्या उंचीपर्यंत पोचू लागली तेव्हा त्याला जमिनीलगत उडायला लावलं. व्हिएतनाममध्ये साधे बॉम्ब टाकायला लावलं. नंतर दुरून सोडायची क्रूझ क्षेपणास्त्रं दिली. शेवटचं बी-५२ कारखान्यातून १९६२ ला बाहेर पडलं आणि आता त्या जुन्या विमानांना नवी इंजिनं बसवायचं काम चालू आहे.

पायरी ३: प्रसिद्ध गोष्ट तपासून घ्या

फँटमबद्दल सगळीकडे एकच गोष्ट ऐकू येते: क्षेपणास्त्रांवर भरवसा ठेवून त्यात तोफ बसवली नाही, व्हिएतनाममध्ये मार खाल्ला, मग तोफ बसवली आणि सगळं सुरळीत झालं. यातला अर्धा भाग खरा आहे. हवाई दलाने खरंच एफ-४ई मध्ये तोफ आणली. पण नौदलाने आपल्या फँटममध्ये अंगभूत तोफ कधीच बसवली नाही. नौदलाच्या कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या पाहणीतून क्षेपणास्त्रांची देखभाल आणि वैमानिकांचं प्रशिक्षण या दोन्हींतल्या उणिवा पुढे आल्या आणि १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर टॉपगन ही हवाई लढाई शिकवणारी शाळा सुरू झाली. त्यानंतर नौदलाची कामगिरी स्पष्टपणे सुधारली, तीही तोफेशिवाय. एकाच अडचणीवर दोन दलांनी दोन उत्तरं शोधली, हा भाग मला तोफेच्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

किती विमानं पाडली याचे दावे वाचताना तर दोन्ही बाजूंचे कागद लागतात. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे सेबर आणि स्टारफायटर ही अमेरिकी विमानं होती. ७ सप्टेंबरला पाकिस्तानच्या सरगोधा तळावरच्या हल्ल्यात भारताचे स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचं मिस्टेअर हे फ्रेंच बनावटीचं विमान परतलं नाही. त्यांनी एक स्टारफायटर पाडलं होतं, हे आपल्याला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही पाकिस्तानी बाजूच्या माहितीवरून. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

पायरी ४: शेपटीवरचा आकडा

अमेरिकी हवाई दलाच्या प्रत्येक विमानाला क्रमांक असतो आणि त्याचे पहिले दोन अंक म्हणजे ते ज्या आर्थिक वर्षात मागवलं ते वर्ष. ६१-७९७२ हे १९६१ च्या खात्यातलं एसआर-७१, म्हणजे अतिवेगवान टेहळणी विमान. शोध घेतलात तर कळेल, की याच विमानाने ६ मार्च १९९० ला लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टन परिसर ६४ मिनिटांत गाठला आणि ते थेट संग्रहालयाच्या ताब्यात गेलं. फोटोत क्रमांक दिसला तर टिपून ठेवायची सवय लावा. दोन अक्षरांचे शेपटी-संकेत तळ सांगतात: एलए म्हणजे बार्क्सडेल, एमटी म्हणजे मायनॉट.

पायरी ५: प्रत्यक्ष पाहा

अमेरिकेत असाल तर ओहायोतलं डेटन पहिलं. हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय तिथे आहे, प्रवेश फुकट, आणि पूर्ण दिवस हाताशी हवा. नागासाकीवर बॉम्ब टाकणारं बॉक्सकार तिथेच आहे. हिरोशिमाचं एनोला गे आणि वर सांगितलेलं एसआर-७१ वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळच्या उडवार-हेझी केंद्रात.

भारतातही पाहण्यासारखं आहे. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात बी-२४ लिबरेटर उभं आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला भंगारात टाकलेली, मुद्दाम निकामी केलेली लिबरेटर्स हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उडती केली. हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, पुण्याच्या लोहगावहून समुद्रावरची टेहळणीही केली. निवृत्तीनंतर त्यातली काही ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांनी मागून नेली. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं लिबरेटर भारतातूनच गेलेलं आहे.

गोव्यात बोगमाळोला गेलात तर नौदल हवाई संग्रहालयाच्या अंगणात लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन पाहा. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि १९७६ ला नौदलाकडे, असा या विमानांचा प्रवास झाला. उन्हाच्या आधी, सकाळी जा. या विमानाच्या तिन्ही शेपट्या एका फोटोत यायला बरंच मागे सरकावं लागतं.

पायरी ६: मूळ कागदांकडे वळा

डेटनच्या संग्रहालयाची विमानवार माहितीपत्रकं इंटरनेटवर आहेत, सुरुवात तिथून. नंतर गोपनीयता उठलेली वैमानिक-पुस्तिका वाचा. एसआर-७१ ची उपलब्ध आहे. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ही प्रकरणं कुठल्याही रंगीत पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात. सीआयएने २०१३ मध्ये खुला केलेला यू-२ चा इतिहासही वाचा. १९६२ च्या युद्धानंतर भारताने या विमानांना ओडिशातलं चरबाटिया वापरू दिलं होतं, ही हकिकत त्यात आहे.