सिलिकॉनवर लेझर चिकटवताना बुडबुडे कसे टाळायचे

सिलिकॉनमधून लेझर काढायला गेलं तर नीट जमत नाही, बँडगॅप इनडायरेक्ट आहे त्याचा, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉन्सची ऊर्जा सहज उजेडात बदलत नाही. म्हणून उजेड देणारे थर इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या सेमीकंडक्टरच्या वेफरवर (पातळ चकतीवर) वाढवायचे आणि ते सिलिकॉनवर चिकटवायचे. 2006 मध्ये सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत जॉन बोवर्स यांच्या ग्रुपने इंटेलसोबत जो हायब्रिड लेझर दाखवला तो असाच. थेट सिलिकॉनवर वाढवायचं म्हटलं तर दोघांच्या अणूंच्या मांडणीत 8 टक्के फरक, मग थरात दोष भरतात.

वेव्हगाइड, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या वाटा, आधीच सिलिकॉनमध्ये कोरलेले असतात, त्यामुळे इंडियम फॉस्फाइडचा तुकडा मायक्रॉनमध्ये जुळवत बसायची गरज नाही. सगळा जीव सफाईत ओता. एक मायक्रॉनचा धुळीचा कण मध्ये राहिला तरी त्याच्याभोवती मिलिमीटरभर जागा चिकटतच नाही, आणि ते कळतं कधी, तर खूप पुढे गेल्यावर! सफाई झाली की दोन्ही पृष्ठभागांना थोडा वेळ ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला ऑक्सिजन वायू) द्यायचा आणि लगेच एकमेकांवर ठेवायचे, हाताने हलकं दाबलं तरी धरतात. मग दाब देऊन 300 अंशांवर तापवायचं. त्याच्या फार वर जाऊ नका, इंडियम फॉस्फाइड सिलिकॉनच्या पावणेदोन पट प्रसरण पावतं, ताण येऊन तडे जातात.

आता बुडबुडे. चिकटताना सांध्यात पाणी सुटतं, ते सिलिकॉनला ऑक्साइड करून हायड्रोजन सोडतं आणि तो अडकला की थर फुगतो. म्हणून सिलिकॉनच्या थरात त्याच्या खाली असलेल्या सिलिकॉन ऑक्साइडच्या थरापर्यंत जाणारी काही मायक्रॉनची चौकोनी भोकं आधीच कोरून ठेवा, साधारण 50 मायक्रॉन अंतराने, गॅस तिथून खालच्या ऑक्साइडमध्ये मुरतो. मास्कचं, म्हणजे कोरायच्या नक्षीच्या साच्याचं, डिझाइन करतानाच ही भोकं टाका, फक्त वेव्हगाइडपासून लांब, नंतर टाकायची म्हटली तर वेळ गेलेली असते.

नंतर वरचा जाड इंडियम फॉस्फाइड, म्हणजे मूळ वेफर, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये काढायचा. हे फ्यूम हूडमध्येच करा, फॉस्फीन सुटतो, विषारी आहे, यात अजिबात हयगय नको. अ‍ॅसिडमध्ये भराभर बुडबुडे येत राहतात आणि वेफरखालचा, अ‍ॅसिडला दाद न देणारा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा थर लागला की थांबतात, तेव्हा तुकडा बाहेर काढायचा, धुवायचा आणि मायक्रोस्कोपखाली तिरप्या उजेडात बघायचा, कुठे फुगवटा असेल तर तिथेच दिसतो.