भुशाची भट्टी नुसती धुरते? जाळी बदला आणि वरून हवा द्या

फेब्रुवारी लागला की आमच्या राजापूर-लांजा पट्ट्यात सॉ मिलवर आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या कापायला सुरुवात होते आणि मिलच्या मागे भुशाचे ढीग लागतात. मिलवाल्याला ती अडगळच, गाडी लावा आणि भरून न्या म्हणतो. मग आमरसवाले, कोकमवाले, काजूवाले सगळेच कधी ना कधी लाकडाच्या भट्टीत भुसा टाकून बघतात आणि चार दिवसांत वैतागून परत लाकडावर येतात. आमचंही तेच झालं होतं. आमचं छोटं युनिट, आमरसाचे डबे उकळत्या पाण्याच्या उघड्या टाकीत सोडायचे, त्या टाकीखाली भट्टी. पहिल्याच दिवशी भट्टीवरचा माणूस डोळे पुसत आला, म्हणाला, "भट्टी धरणा नाय, नुसतो धूर येता." तीन सीझन मोडतोड करून आता ती भट्टी बिनधुराची चालते, ताशी साधारण 20 किलो भुसा खाते. ती कशी बांधली ते सांगतो, मापं आमच्या भट्टीची आहेत, तुमची मोठी असेल तर त्या हिशेबात वाढवा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लाकूड तापलं की सुक्या वजनाचा 75 ते 80 टक्के भाग गॅस होऊन वर निघतो आणि जाळ म्हणून जो दिसतो तो या गॅसचा असतो, खाली जाळीवर उरतो तो थोडासा कोळसा. म्हणजे चिमणीतून जो पिवळट, डोळे झोंबवणारा धूर जातो तो कचरा नाही, तुमचं न जळलेलं सरपणच वर चाललंय. लाकडाच्या ओंडक्यांमध्ये फटी असतात, हवा खेळते. भुसा मात्र सपाट जाळीवर टाकला की दाबून बसतो, वरून गोधडी घातल्यासारखं होतं, खालून हवा येत नाही, अर्धा भुसा जाळीतून राखेत गळतो आणि उरलेला धुमसत राहतो.

ज्यांच्या घरी भुशाची शेगडी होती त्यांना हे लगेच कळेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली फिरवत अलगद वर काढायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. मधल्या पोकळीतून हवा वर चढते, भुसा फक्त त्या पोकळीच्या भिंतीवर जळतो आणि गॅसला जळायला मधे जागा मिळते. आपल्या आज्यांनी यावर डाळ-भात शिजवलाय. मोठ्या भट्टीतही हेच साधायचं आहे, फक्त भुसा सतत टाकता यायला हवा.

आता जाळी. सपाट जाळी काढून टाका आणि पायऱ्यांची उतरती जाळी बसवा. कौलारू छपरात वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं बघा, तशा पट्ट्या एकावर एक पुढे सरकवत लावायच्या, पण प्रत्येक पट्टी आडवी सपाट, जिन्याच्या पायरीसारखी, आणि दोन पट्ट्यांमध्ये फट. हवा त्या फटीतून आडवी आत शिरते आणि भुसा खाली गळत नाही, कारण वरच्या पट्टीखाली तो थोडासा आत सरकतो आणि स्वतःच्याच उताराने थांबतो. आमच्याकडे 75 मिमी रुंद, 10 मिमी जाड अशा 10 पट्ट्या आहेत, फट 15 मिमी, एकमेकींखाली 45 मिमी दबलेल्या. हा दाब, म्हणजे एका पट्टीखाली दुसरी जितकी दबते ते माप, फटीच्या निदान दुप्पट ठेवा, कमी केलात तर सुका भुसा राखेत ओघळणार. जाळीची रुंदी 2 फूट आणि उताराची लांबी सव्वा फूट. उतार 40 अंश. आधी आम्ही 30 ठेवला होता तर भुसा जागचा हलायचाच नाही, सारखं लोखंडी आकडीने ओढावं लागायचं, मग 45 च्या पुढे नेला तर सुका भुसा एकदम दरड कोसळल्यासारखा खाली यायचा. पट्ट्या बिडाच्या मिळाल्या तर बिडाच्याच घ्या, साध्या लोखंडाच्या आमच्या पहिल्या पट्ट्या एका सीझनमध्ये मधोमध वाकल्या, फटी कुठे मिटल्या कुठे फाकल्या. दोन फुटांच्या लांबीला मधे एक टेकू द्याच. उताराच्या तळाशी वीतभर सपाट जाळी ठेवायची, तिथे उरलेला कोळसा जळतो आणि राख खाली पडते.

जाळी सुधारल्यावर आम्हाला वाटलं झालं काम, पण धूर अर्धाच कमी झाला. कारण टाकीचा तळ जाळीपासून जेमतेम फूटभर वर होता. जाळ पूर्ण जळायच्या आधी थंड तळाला लागला की तिथेच विझतो आणि काजळी धरते, उकळत्या पाण्याची टाकी म्हणजे तळ फार तर शंभर-सव्वाशे अंश, गॅसच्या मानाने ते थंडच. म्हणून जाळी आणि टाकी यांच्यात जळायची खोली हवी. ताशी 20 किलोला 2 फूट बाय 2 फूट बाय 3 फूट एवढी पुरते. आम्ही भट्टी टाकीच्या थेट खाली न ठेवता पुढे बाहेर काढली, वरून विटांची कमान घातली, जाळ कमानीखालून वळून मग टाकीखाली जातो. ही कमान लाल झाली की तिची धग खाली भुशावर पडते आणि जरा दमट भुसाही आल्या आल्या सुकून पेट घेतो. माझ्या मते सगळ्या भट्टीत पैसे खर्च करायचे तर या कमानीवर करा.

मग वरची हवा. एक किलो सुकं लाकूड जाळायला साधारण 6 किलो हवा लागते, प्रत्यक्षात दीडपट धरा. आमच्या भट्टीला ताशी सव्वाशे घनमीटर होते, म्हणजे छोटा ब्लोअर भरपूर झाला. पण सगळी हवा खालून मारलीत तर भुसा उडून ठिणग्यांसकट चिमणीतून बाहेर जातो, आणि एप्रिलमध्ये काजूच्या बागेत सुका पाला किती असतो ते सांगायला नको. निम्मी हवा खालून हळू, निम्मी जाळीच्या वरून जोरात. वरच्या हवेसाठी दोन्ही बाजूंच्या भिंतीत चार-चार भोकं ठेवली, 16 मिमीची, समोरासमोर न येता एकाआड एक, म्हणजे झोत एकमेकांना आडवे जाऊन गॅस घुसळला जातो. भट्टीच्या आत लोखंडी पाइप घालू नका, जळून जातो. भिंतीच्या विटांमध्येच पोकळ थर सोडा आणि त्यातून हवा फिरवून भोकांना द्या, हवा जाता जाता तापते आणि गॅस गार पडत नाही. खालची आणि वरची, दोन्हींना वेगवेगळी झडप हवी, याशिवाय भट्टी लावताच येत नाही.

बांधकामाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे चिरा, म्हणजे जांभा दगड, स्वस्त म्हणून गवंडी आतूनही चिराच लावतो, तसं करू देऊ नका, चिरा पाणी धरून असतो, जाळ लागला की तडकतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आत फायरब्रिक, फायरक्लेच्या पातळ सांध्यात, सिमेंट अजिबात नाही. तिच्या मागे 4 इंच भाताच्या तुसाची राख ठोकून भरा, ती उष्णता फार छान अडवते आणि आपल्या भातगिरणीवर मिळते. बाहेरून चिरा चालेल. बांधून झाल्यावर घाई करू नका, चार दिवस सकाळ-संध्याकाळ करवंट्यांचा बारीक जाळ करून सुकवा, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन विटा फुटतात. चिमणीला साधा पत्रा समुद्रकाठी फार टिकत नाही, जाड घ्या आणि वर टोपी विसरू नका.

भुशाच्या ओलीकडे लोक बघतच नाहीत. ताज्या रायवळ आंब्याचा भुसा हातात घट्ट आवळा, मुठीचा लाडू तसाच राहिला तर तो जाळायच्या लायकीचा नाही. नीट मोजायचं तर 100 ग्रॅम भुसा काट्यावर तोला, तव्यावर एकदम मंद आचेवर परता, करपू देऊ नका, वजन कमी व्हायचं थांबलं की परत तोला. 60 ग्रॅम राहिला तर 40 टक्के पाणी होतं. आम्ही 20-25 टक्क्यांच्या वरचा भुसा भट्टीत घालत नाही. सुक्या किलोत 4000 ते 4500 किलोकॅलरी असतात आणि एक किलो पाणी उडवायला 600 च्या आसपास जातात, म्हणजे कागदावर नुकसान तेवढं मोठं दिसत नाही, पण ओलीमुळे भट्टीची आतली धग पडते, गॅस पेटतच नाही आणि मग सगळंच धुरात जातं. खळ्यात पातळ पसरून दिवसातून दोनदा फावड्याने उलथवा, दोन-तीन कडक उन्हात सुकतो. मृगाच्या आधी पोत्यात भरून मांगरात (वाडीतल्या शेडमध्ये), खाली फळ्या घालून. ओल्या भुशाचा मोठा ढीग तसाच ठेवू नका, आतून आपोआप तापतो. प्लायवूडचा, एमडीएफचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा आणूच नका, खाण्याच्या वस्तूच्या युनिटात तर नाहीच. काजूची टरफलंही यात मिसळू नका, त्यांच्या तेलाचा धूर घशाला आणि पत्र्याला दोन्हीला खातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचल्याशिवाय भट्टी पेटवू नका. दुसऱ्या सीझनला भट्टी मंदावली म्हणून माझ्या चुलतभावाने दार उघडून घमेलंभर बारीक सुका भुसा वरून फेकला. आत गॅस कोंडलेला होता, भुसा हवेत उडाला आणि क्षणात दारातून जाळाचा लोट बाहेर आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, महिनाभर त्याला जेवायला भरवावं लागलं. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. म्हणून भुसा फेकायचा नाही, वरच्या पेटीतून उतारावर सरकवायचा. पेटी खाली रुंद आणि वर अरुंद ठेवा, म्हणजे भुसा मधे कमान धरून अडकत नाही, तिला झाकण आणि खाली सरकती पाटी हवीच, आणि पेटी कधी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, जाळ वर चढतो. दार उघडायच्या आधी चिमणीची झडप पूर्ण उघडा, खालची हवा बंद करा, थोडं थांबा, मग बाजूला उभं राहून दार हळू उघडा. धुमसणारी भट्टी ढवळायची नाही. शेड मोकळी ठेवा, या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. आणि ज्यांच्याकडे प्रेशरचा बॉयलर आहे त्यांनी फक्त भट्टीचा भाग बघावा, बॉयलरला स्वतः हात लावू नये.

पेटवताना सुरुवात भुशाने करूच नका. सुकी चुडतं (माडाच्या झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या यांचा अर्धा-पाऊण तास चांगला जाळ करा, कमान लालसर दिसायला लागली की मग भुशाची पाटी बोटभर उघडा. चिमणीकडे बघत झडपा लावायच्या. काळा धूर आला तर भुसा जास्त किंवा वरची हवा कमी. पांढरा येऊन चार-पाच फुटांवर विरला तर ती वाफ आहे, चिंता नको, पण पांढरा धूर लांबवर रेंगाळला आणि डोळ्यांना झोंबला तर भट्टी गार आहे, भुसा थांबवा आणि दोन करवंट्या टाका. काही दिसत नसेल आणि वर नुसती हवा थरथरताना दिसत असेल तर झडपांवर खडूने खूण करून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करायचं.

राख रोज सकाळी भट्टी गार असताना काढा, फटी एका पातळ पट्टीने मोकळ्या करा. राखेत काळा भुसा सापडला तर पट्ट्यांचा दाब परत तपासा. आमची आता करडी, पिठासारखी मऊ निघते, घमेलंभरही नाही, ती माडांच्या आळ्यात जाते.