घरी डायलिसिस करणाऱ्यांनी मुंबईहून क्रूझला जाताना करायची तयारी

मुंबईत घरच्या घरी डायलिसिस करणारे बहुतेक रुग्ण पेरिटोनियल डायलिसिसवर (पोटात नळीवाटे फ्लूइड भरून काही तासांनी ते बाहेर काढण्याची पद्धत) असतात आणि हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. घरी हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) करणाऱ्यांना यंत्रासोबत भरपूर शुद्ध केलेले पाणी लागते. परदेशातील काही खास सहलींत त्याची सोय असते. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला निघणाऱ्या जहाजावर ती मिळेल असे गृहीत धरू नये. सीएपीडीच्या, म्हणजे दिवसभरात हाताने बॅगा बदलत पेरिटोनियल डायलिसिस करणाऱ्या रुग्णाला मात्र समुद्रप्रवास खरोखर शक्य आहे. घरात अडकून पडलेल्या माणसाने तो अवश्य करावा असे मला मनापासून वाटते. त्यासाठीची तयारी मात्र तिकीट काढण्याआधीच सुरू झाली पाहिजे.

पहिली भेट नेफ्रॉलॉजिस्टची (मूत्रपिंडतज्ज्ञाची). अलीकडे पेरिटोनायटिस (पोटाच्या आतील आवरणाचा संसर्ग) झाला असेल, कॅथेटर (पोटातील नळी) नुकताच बसवला असेल किंवा एक्झिट साइट (नळी बाहेर येते ती जागा) लाल असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. डॉक्टरांनी होकार दिल्यास निदान, रोजच्या एक्स्चेंजची (जुने फ्लूइड काढून नवे भरण्याची) संख्या, फ्लूइडची तीव्रता आणि औषधे नमूद केलेले पत्र घ्यावे व त्याच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवाव्यात. पेरिटोनायटिसची शंका आल्यास कोणते अँटिबायोटिक, किती आणि कसे द्यायचे, हेही त्यांच्याकडून लिहून घ्यावे व ते औषध सोबत न्यावे.

नंतर क्रूझ कंपनीला लेखी कळवावे. बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने उष्णता देणारी उपकरणे आणि एक्स्टेन्शन बोर्ड जप्त होतात. त्यामुळे बॅग गरम करण्याच्या हीटिंग पॅडची किंवा सायकलरची (रात्री आपोआप एक्स्चेंज करणाऱ्या यंत्राची) परवानगी ईमेलवर मिळवून त्याची छापील प्रत तपासणीच्या वेळी हातात ठेवावी. केबिनमधील व्होल्टेज आणि प्लगचा प्रकार, तसेच वापरलेल्या बॅगा वैद्यकीय कचरा म्हणून कोण उचलणार, हेही त्याच पत्रात विचारावे. बॅग मायक्रोवेव्हमध्ये किंवा गरम पाण्यात कधीही तापवू नये.

सामानाचा हिशेब आधीच मांडलेला बरा. दिवसाला 2 लिटरच्या 4 बॅगा धरल्या तर चार दिवसांना 16 लागतात. जहाजाला उशीर होऊ शकतो किंवा एखादी बॅग गळू शकते, म्हणून आणखी दोन दिवसांच्या 8 घ्याव्यात. अशा 24 बॅगांचे वजन 50 किलोच्या वर जाते. मिनीकॅप (नळीच्या तोंडाचे झाकण), क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा), मास्क, ड्रेसिंग आणि वजनकाटा वेगळेच. मुंबईच्या क्रूझ धक्क्यावर, बॅलार्ड पिअरला, सामान आधी जमा होते आणि केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून दोन बॅगा, कॅप, सॅनिटायझर आणि सर्व औषधे खांद्यावरच्या पिशवीत असलीच पाहिजेत. डोंबिवली-ठाण्याहून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घरीच एक्स्चेंज उरकावे आणि पुढच्याची वेळ डॉक्टरांना विचारून पुढेमागे करावी. खोकी ऊन लागणाऱ्या गाडीत ठेवून जाऊ नये.

केबिन लहान असते, पण नियम घरचेच. दार बंद करावे, एसीचा झोत थांबवावा, टेबल पुसून कोरडे करावे, मास्क लावावा आणि हात साबणाने धुऊन कोरडे केल्यावरच कनेक्शनला हात लावावा. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असल्याने बॅग टांगायला भक्कम चुंबकी हुक उपयोगी पडतो. तो पडणार नाही ना, हे भरलेली बॅग लावण्याआधी ओढून पाहावे. ड्रेन बॅग (निघालेले फ्लूइड साठणारी) पोटापेक्षा खाली असावी आणि समुद्र खवळला असेल तर ती घसरणार नाही अशी अडवून ठेवावी. निघालेले फ्लूइड कर्मचाऱ्यांनी सांगितल्यास टॉयलेटमध्ये ओतता येते. नळी किंवा कॅप मात्र त्यात कधीच टाकू नये. रात्री सायकलरवर असणाऱ्यांनी आणीबाणीचा भोंगा वाजल्यास क्लॅम्प बंद करून, सुटे होऊन कॅप लावण्याचा सराव घरी जोडीदारासह करावा.

बोट लागून उलट्या झाल्या तर शरीरातील पाणी कमी होते. अशा वेळी सवयीने 4.25 टक्क्यांची (जास्त पाणी ओढणारी, सर्वांत तीव्र) बॅग लावल्यास रक्तदाब घसरू शकतो. रोज वजन आणि रक्तदाब पाहून 1.5, 2.5 की 4.25 यांपैकी काय निवडायचे, याची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. उलटीच्या गोळीचा डोसही त्यांनाच विचारावा. जेवणात लोणची, पापड, सूप आणि चीज यांपासून जपावे. अंडी व मासे यांतून प्रथिने मिळतात, ती आहारतज्ज्ञाने सांगितलेल्या मापात घ्यावीत. सार्वजनिक हॉट टब टाळावा.

निघालेले फ्लूइड गढूळ दिसले, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर थांबून पाहू नये. ती बॅग नमुन्यासाठी जपून ठेवावी, जहाजावरील डॉक्टरांना पत्र दाखवावे आणि आपल्या डायलिसिस युनिटला फोन करावा. भर समुद्रात मोबाइलची रेंज नसते, म्हणून जहाजावरून संपर्क कसा साधायचा ते चढल्यावर लगेच विचारून घ्यावे. गोव्यात असताना गरज पडल्यास बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आहे. लक्षद्वीपच्या बेटांवर सुविधा मर्यादित असतात, म्हणून पहिल्या सहलीला मी गोव्याचाच मार्ग सुचवेन.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा बऱ्याचदा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीच्या व सकाळच्या एक्स्चेंजचे साहित्य आणि घरी पोहोचेपर्यंत लागू शकणारी एक जादा बॅग बाजूला काढल्यावरच सामान बाहेर द्यावे.