जर्मनीला येताय? आधी टपालपेटीवर नाव लावा

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून मला साताऱ्याहून येणारे फोन वाढले. चुलतभाऊ, मैत्रिणीचा दीर, आईच्या भिशीतल्या काकूंचा मुलगा. प्रश्न ठरलेले. पगार किती, भाषा किती यायला हवी, जेवणाचं काय. राहत्या पत्त्याची नोंदणी कशी होणार, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

मी ऑक्टोबर २०२२ मध्ये श्टुटगार्टला, म्हणजे याच राज्याच्या राजधानीत आले. त्याआधी चाकणला सहा वर्षं टेस्टिंगमध्ये. ऑफर हातात होती, डिग्री मान्य होती, व्हिसा सहा महिन्यांचा होता आणि ब्लू कार्ड (पदवीधरांना नोकरीसाठी इथे राहायचा परवाना) इथे येऊन घ्यायचं होतं. ही कागदपत्रं तुम्हाला पाठ असतील, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की ब्लू कार्डाची पगाराची अट दर जानेवारीत बदलते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि ज्या क्षेत्रांत माणसं कमी पडतात तिथे ४३,७५९ युरो ८० सेंट. ऑफर काठावरची असेल तर त्या वर्षाचा आकडा बघूनच सही करा.

आता माझा खड्डा.

घर मिळेना. पुण्यात बसून पन्नासेक जाहिरातींना लिहिलं, दोन उत्तरं आली. त्यातला एक घरमालक म्हणे परदेशात होता, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. (असा मेसेज तुम्हालाही येईल. पैसे पाठवू नका.) मग व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दादा भेटले, आपल्याच भागातले, इथे आठ वर्षं मुरलेले. श्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागात त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. महिना ३८० युरो, रोख. एवढ्या पैशात इथे गॅरेजही मिळत नाही. दादा म्हणाले, "फक्त नोंदणीचं नंतर बघू. सगळे असंच करतात." मी आनंदाने बॅगा उचलल्या.

ही नोंदणी म्हणजे आन्मेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असते. नुसता भाडेकरार घेऊन गेलं तर चालत नाही. त्यासाठी एक कागद लागतो, वोनुंग्जगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करू नका, अर्थ पाठ करा: "ही बाई माझ्या घरात राहायला आली आहे" असं घर देणाऱ्याने सही करून सांगायचं. दादांनी पोटभाडेकरू ठेवायची परवानगी त्यांच्या मालकाकडून घेतलीच नव्हती, त्यामुळे ते सही करणार नव्हते. मी तरी नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी सगळे कागद चाळले, फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकाने एकाच रिकाम्या चौकटीवर टकटक केलं. बोलल्या काहीच नाहीत. मी साखळीने बांधलेलं पेन परत खाचेत ठेवलं आणि बाहेर आले.

काय मोठं बिघडलं, असं मला वाटलं. काय बिघडतं ते सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा. नोंदणी झाली की आपोआप अकरा आकडी करक्रमांक घरी टपालाने येतो. नोंदणी नाही तर क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर कंपनी तुम्हाला सगळ्यात वाईट करवर्गात टाकते, सहाव्या. नोव्हेंबरच्या पगारपत्रकावर वर्गापुढे ६ दिसला तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे सहावा वेतन आयोग होता तसं काहीतरी असेल, चांगलंच असणार! एकट्या माणसाचा वर्ग पहिला असतो. मला महिन्याला सुमारे पाचशे युरो कमी मिळत होते. स्वस्त खोलीत जे वाचत होतं, त्याच्या दुप्पट पगारातून जात होतं.

पैशाचं एक वेळ जाऊ दे. ब्लू कार्डासाठी ज्या परदेशी नागरिक कार्यालयात जायचं, ते तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरतं. पत्ताच नाही तर अर्ज कुठे करणार? आणि व्हिसा एप्रिलमध्ये संपत होता. डिसेंबरमध्ये रात्री तीनला उठून मी कॅलेंडरवर आठवडे मोजायचे. आईला फोनवर सांगायचे, "मस्त चाललंय, बर्फ पडलाय."

मग दादांनी दुसरा उपाय काढला. मित्राच्या पत्त्यावर नोंदणी करायची, राहायचं इथेच. हे करू नका. नोंदणीला उशीर झाला तर दंड एक हजार युरोपर्यंत आहे आणि पहिल्यांदा बऱ्याचदा समज देऊन सोडतात. पण जिथे राहायला जाणार नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी द्यायचा, हे प्रकरण वेगळं. असा पत्ता देऊ करणाऱ्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्याने उपकार केले, तोच अडकणार.

दादांवर माझा राग आहे का? आहे. पण ते लबाड नव्हते. त्यांना स्वतःला कधी त्रास झाला नव्हता, म्हणून त्यांच्या लेखी त्रास नव्हताच. "माझं काही झालं नाही" एवढ्या भांडवलावर सल्ला देणारे परदेशात पैशाला पासरी भेटतात, मीसुद्धा त्यातलीच असू शकते. म्हणून कुणाचंही ऐकताना विचारा, हे कुठल्या वर्षी झालं आणि तेव्हा तुमच्याकडे कुठला व्हिसा होता?

जानेवारीत एका आजींच्या घरात माळ्यावरची खोली मिळाली. ६२० युरो, हीटिंग-पाण्यासकट. जाहिरातीत काल्टमिटे दिसलं तर ते नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे वरखर्च धरून. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमिटे मागता येते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. मागायला लाजू नका. आजींनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी दिल्या: सही केलेला तो कागद आणि दाराला अडकवायची 'केअरवोखं'ची पाटी. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. श्वाबी, म्हणजे इथल्या स्थानिक लोकांत हे फार मनावर घेतात. मी इतक्या आनंदाने जिना आयुष्यात झाडला नव्हता.

नोंदणी दहा मिनिटांत झाली. सुटले म्हणून मी केक खाल्ला. तीन आठवडे गेले, करक्रमांकाचा पत्ता नाही.

आपल्याकडे पत्ता कसा असतो? फ्लॅट नंबर बारा, बी विंग, अमक्या मंदिरामागे. इथे बहुतेक घरांना फ्लॅट नंबरच नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, संपलं. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचतो. पेटीवर आजींचं नाव होतं, माझं नव्हतं. माझ्या नावाचं पत्र आलं, पेटीवर नाव दिसेना, परत गेलं. करक्रमांक फोनवर सांगत नाहीत, पुन्हा मागवला तरी पुन्हा टपालानेच येतो. विमा कार्ड, बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, सगळं त्याच पेटीत. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने आडनाव लिहून चिकटवलं. तीन आठवड्यांचा घोळ एका बोटभर पट्टीने मिटला.

बाकीचं सुरळीत झालं, घाबरू नका. व्हिसा संपायच्या आत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत राहता येतं, तसं तात्पुरतं पत्र मिळतं. माझे कापलेले पैसेही पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत आले. थोडक्यात, मेले नाही. पण त्या हिवाळ्यात ज्या वेळात जर्मन शिकायचं, त्या वेळात मी जाहिरातींना उत्तरं लिहीत बसले, आणि ते मला अजून लागतं.

भाषेबद्दल माझं मत कडवट आहे. "आयटीत आणि गाड्यांत इंग्रजी चालतं" हे ऑफर मिळेपर्यंत खरं असतं. गेली दोन वर्षं इथल्या वाहन उद्योगात कपात चालू आहे. दुसरी नोकरी शोधायची वेळ आली की जर्मन येणारा पुढे जातो. महिन्याभरात ए वन (भाषेची पहिली पातळी, बी वन तिसरी) करून देणारे क्लास परीक्षेपुरते ठीक. पुण्यात असाल तर मॅक्स म्युलर भवनात रीतसर बी वनपर्यंत जा. ब्लू कार्डवर कायम वास्तव्य २७ महिन्यांनी मिळतं, बी वन असेल तर २१ महिन्यांनी.

शाँसनकार्टवर, म्हणजे हातात ऑफर नसताना नोकरी शोधायला मिळणाऱ्या परवान्यावर, येऊन नोकरी शोधू म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगते: २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागत होते आणि त्यावर आठवड्याला वीस तासच अर्धवेळ काम करता येतं. घर विकून येऊ नका. आणि त्यासाठी एजंटला लाखभर देऊ नका, सरकारी संकेतस्थळावर सगळं इंग्रजीत आहे. तो तेच वाचून फॉर्म भरतो.

नोकरीत पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात. तोवर गाडी घेऊ नका, एस-बान म्हणजे इथली लोकल बरी.

घराचं शेवटचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी महाग पडली तरी नोंदणी करून देणारी तात्पुरती खोली घ्या आणि बुक करण्याआधी एकच वाक्य लिहून विचारा, इथे आन्मेल्डुंग होईल का? उत्तर "बघू" आलं तर ते नाही समजा. कंपनीलाही विचारा, कधीकधी त्यांच्याकडे खोल्या असतात. मला विचारायचा संकोच वाटला होता.

कुकर आणायचा असेल तर आणा, जास्तीची रिंग विसरू नका. आणि हातसामानात पांढरी चिकटपट्टी आणि जाड पेन ठेवा. आडनाव पासपोर्टावर आहे त्याच स्पेलिंगने, मोठ्या अक्षरांत.