दत्तक घेतलेलं कुत्रं जेवत नाही? आधी या चुका टाळा

“शेल्टरमध्ये वाडगा चाटूनपुसून साफ करायची म्हणे, आमच्याकडे आल्यापासून तोंडच लावत नाही.” ठाण्यात नवीन कुत्रं आणलेल्या घरांतून ही तक्रार हमखास ऐकू येते. लगेच सगळे अन्नात खोट शोधायला लागतात. खोट बहुतेक वेळा अन्नात नसतेच. आपण जेवणाभोवती जो गोंधळ घालतो, त्यात असते.

वागळे इस्टेटच्या गल्लीत वाढलेलं कुत्रं एकदम घोडबंदर रोडवरच्या बाराव्या मजल्यावर येतं. फरशी नवी, वास नवे, लिफ्ट नवी, माणसं तर सगळीच नवी. घाबरलेल्या जीवाला आधी लपायला जागा हवी असते, भूक नंतर. मोठं, धडधाकट कुत्रं पाणी पीत असेल, अधूनमधून मान वर करून बघत असेल आणि एक दिवस जेवलं नाही, तर धीर धरा.

वाडग्यासमोर ठाण मांडून बसणं

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते म्हणून सुटत नाही. आई वाडगा पुढे सरकवते, बाबा “खा ना बाळा” म्हणतात, मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढते. कुत्र्याच्या बाजूने बघा: तीन अनोळखी प्राणी त्याच्या अंगावर वाकून डोळ्यांत रोखून बघत आहेत. ते जांभई देतं, ओठ चाटतं, मान फिरवतं. ही झोप किंवा नखरे नाहीत. “जरा लांब व्हा” असं ते सांगत असतं.

वाडगा त्याच्या कोपऱ्याजवळ ठेवा आणि खोलीतून निघून जा. दारातून डोकावूही नका. बुजरं कुत्रं पहिल्यांदा कसं खातं ते एकदा कळलं की हे पटेल. मागचे पाय दिवाणाखालीच रोवलेले, पुढचं अंग रबरासारखं ताणलेलं, मान लांब करून एक तुकडा उचलायचा आणि सर्रकन परत आत. तेवढ्यात कोणी “अगं बाई, खाल्लं!” म्हणून ओरडलं की पुढचा घास गेलाच. रात्री सगळे झोपल्यावरच खात असेल तर खाऊ दे. काही दिवसांनी वेळ हळूहळू अलीकडे आणता येते.

हाताने भरवायची घाई नको, जबडा उघडून घास कोंबणं तर मुळीच नको. वाडग्याजवळ गेल्यावर गुरगुरलं तर त्यावर ओरडू नका आणि “माझा धाक हवा” म्हणून वाडग्यात हातही घालू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतात. लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्रं घरचं असलं तरी.

जागा आणि भांडं

गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय घसरतात आणि स्टीलचा वाडगा जिभेच्या धक्क्याने पुढे पळतो. गळ्यातला बिल्ला काठावर टण्णकन वाजला की घाबरट कुत्रं चार पावलं मागे. खाली जुनं पायपुसणं किंवा गोणपाट टाका, खोल वाडग्याऐवजी पसरट ताटली घ्या. जागा स्वयंपाकघरात नको. ऐन जेवणाच्या वेळी कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरची घरघर असते, तिथे कोण निवांत खाणार?

दर दोन तासांनी नवा पदार्थ

सकाळी दूध-पोळी, मग विकतचं दाणेदार डॉगफूड, दुपारी चिकन, संध्याकाळी काळजीने बिस्किटं. रात्री पोट बिघडतं आणि मग खरंच जेवण सुटतं. शिवाय कुत्रं लवकरच शिकतं की थांबलं तर पुढची डिश येते. आधी जिथे होतं तिथे काय खात होतं ते विचारा, पहिला आठवडा तेच द्या. बदलायचंच असेल तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. वाडगा 20 मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर काही न बोलता उचला, पुढच्या ठरल्या वेळी परत द्या. पाणी मात्र कायम हवं.

अन्न कोमट केलं किंवा त्यावर मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी घातलं, तर वासाने भूक चाळवते. घरचा रस्सा चालत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. शिजवलेली हाडं आतड्यात रुततात. दूध अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही.

एक चौकशी जरूर करा: खाली कोण काय देतंय? वॉचमन, कट्ट्यावरचे आजोबा, समोरच्या विंगमधली मुलं. प्रत्येकाकडून दोन दोन बिस्किटं झाली की घरातल्या वाडग्याकडे कोण बघतं!

याउलट, उपाशी राहिलेलं, बरगड्या दिसणारं कुत्रं आलं तर दया येऊन ताट भरू नका. फार कुपोषित जनावराला एकदम भरपूर खायला घालणं जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि डॉक्टरांना विचारून.

पहिल्याच आठवड्यात सगळं

आंघोळ, नातेवाईक, रविवारी उपवन तलावावर चक्कर. आठवडाभर यातलं काही नको. दहीहंडी किंवा दिवाळीच्या तोंडावर तर कुत्रं आणूच नका, ठाण्यातला तो आवाज माणसांनाही सोसत नाही. फिरायला गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही, दोन्हींना पट्टा. पहिल्या दिवसांत निसटून पळालेलं कुत्रं हाकेला येत नाही. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर लघवी करत नसेल तर मातीचा तुकडा शोधा आणि रोज तिथेच न्या.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा रुळण्याचा हिशेब सांगतात. अंदाज म्हणून ठीक आहे. तिसऱ्या महिन्यातही मिक्सरला घाबरणारी कुत्री असतातच.

वाट बघायची नाही अशी वेळ

पिल्लाने दोन वेळा अन्न नाकारलं तर डॉक्टरांना फोन करा. सोबत उलट्या किंवा रक्ताचे जुलाब असतील तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो, तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही. मोठं कुत्रं दोन दिवस काहीच खात नसेल, किंवा पाणीच पीत नसेल, तर दवाखाना.

आपल्याकडे गोचिडतापाचा, म्हणजे गोचिड चावून होणाऱ्या आजाराचा, संशय आधी घ्यावा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली बोटं फिरवून गोचिड आहेत का बघा. ओठ उचलून हिरड्या बघा: गुलाबीऐवजी पांढरट दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर रक्त तपासायला लागेल. अंगाचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, म्हणून हाताला गरम लागणं म्हणजे ताप नव्हे. थर्मामीटर लावा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका.

लसींचं कार्ड आणि जंताचं औषध शेवटचं कधी दिलं त्याची तारीख कुत्रं घेतानाच मागून घ्या. रात्री उघडा असणारा दवाखाना आणि कुत्र्यासकट नेईल अशी गाडी, दोन्हीची सोय ते घरी यायच्या आधी करून ठेवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून फोन फिरवण्यात वेळ जातो, आणि ओकाऱ्या करणाऱ्या कुत्र्याला घ्यायला रिक्षावाले सहसा तयार होत नाहीत.