मेसमधलं अन्न वाया जाऊ नये म्हणून काय करावं

वसतिगृहाच्या मेसमध्ये अन्न वाया जातं ते मुलींच्या ताटात, असं बहुतेकांना वाटतं आणि मग भिंतीवर पाट्या लागतात. मी सोलापुरात मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवते. माझं मत असं की निम्मी नासाडी तांदूळ मोजतानाच ठरून जाते. ‘कमी पडलं तर?’ या भीतीने हजेरी लिहिणारी दहा ताटं वाढवून सांगते, आचारी त्यावर दोन मापं टाकतो, भाकरी थापणाऱ्या मावशी आणखी एक थप्पी करून ठेवतात. उपाशी कुणी राहू नये ही तळमळ खरीच आहे, पण तिची किंमत रात्री बादलीत दिसते. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून करा.

आधी तीन बादल्या ठेवा. एकीत भाजीची साल-देठं, दुसरीत पातेल्यात उरून टाकावं लागलेलं, तिसरीत ताटातलं खरकटं. टांगत्या काट्यावर वेगवेगळं तोला आणि वहीत त्या दिवसाच्या पदार्थांसमोर लिहा. तिन्ही एकत्र ओतलंत तर काहीच कळणार नाही, कारण तिन्हींचं औषध वेगळं. पातेल्यातलं जास्त असेल तर अंदाज चुकतोय. ताटातलं जास्त असेल तर चव, वाढप किंवा वेळ चुकतेय. समजा १५० ताटांतून ९ किलो खरकटं आलं, तर माणशी ६० ग्रॅम झालं. हा आकडा मुलींना दाखवा. उपदेशापेक्षा तो लवकर पोचतो.

ताटं घासणाऱ्या मावशींना रोज एक प्रश्न विचारायचाच : आज काय परत आलं? दोडका परत आला की नुसत्या त्याच्या शिरा, आमटी खारट होती का, भात कच्चा होता का, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मेस कमिटीच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या. माझा हा आग्रह आहे.

हजेरी दुपारी चारपर्यंत घ्या, फळ्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. पण नुसत्या नोंदणीवर विसंबू नका, कॅलेंडर समोर हवं. शनिवारी दुपारनंतर बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या मुली एसटीने घरी जातात. श्रावणी सोमवारी आणि एकादशीला उपासाची वेगळी यादी लागते. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की संध्याकाळी मुली बाहेरच खाऊन येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जेवण कमी जातं आणि चहा जास्त. हे सगळं दरवर्षी ठरलेलं असतं. मागच्या वर्षीची वही उघडली तर त्या दिवशी किती तांदूळ लागला ते कळतं.

माप कमी करताना घाई नको. १ किलो तांदळाचा शिजून अडीच ते तीन किलो भात होतो. ५ किलो भात उरला म्हणजे पावणेदोन ते दोन किलो तांदूळ जास्त गेला. पण एका दिवसावरून कापू नका; तीन-चार दिवस सलग उरला तर जेवढा तांदूळ जास्त जातोय त्याच्या निम्मा कमी करा आणि पुन्हा बघा. भात दोन पातेल्यांत, दोन वेळा लावा. पहिलं पातेलं अर्धं होईपर्यंत दुसऱ्याचे तांदूळ धुवायचे नाहीत. आमटी एकदम केली तरी चालते, भाजी मात्र दोन हप्त्यांत फोडणीला टाकलेली बरी.

आता कमी पडण्याच्या भीतीचं काय? इथे सोलापूरकरांचं नशीब मोठं. आपल्याकडे कडक भाकरी आहे. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, मंद आचेवर पूर्ण ओलावा जाईपर्यंत वाळवलेली, कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने टिकते. शहरात कितीतरी बाया घरी करून विकतात. तिच्या जोडीला खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी. या दोन गोष्टी भरपूर भरून ठेवल्या की प्रॅक्टिकलवरून उशिरा येणाऱ्या मुलींसाठी वीस-पंचवीस मऊ भाकऱ्या जास्तीच्या थापाव्या लागत नाहीत. गरम आमटीत कडक भाकरी कुस्करून, वर चटणी आणि कच्चा कांदा, हे जेवण मुली आवडीने मागतात. नासाडी रोखायची सगळ्यात भक्कम युक्ती मला हीच वाटते, कारण तिने आचाऱ्याच्या मनातली भीती जाते आणि त्याचा हात आपोआप आवरतो. मात्र उरलेल्या जाड भाकरीपासून तशी कडक भाकरी करायला जाऊ नका. आत ओल राहते आणि बुरशी धरते. ती तव्यावर खरपूस करून दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा.

वाढताना डाव लहान घ्या. भाकरीचे दोन भाग करून दुरडीत ठेवा, म्हणजे ‘अर्धीच द्या’ म्हणायला कुणी लाजत नाही. पहिली वाढ थोडी, पुढची हवी तितकी, आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्या मुलीकडे कपाळाला आठ्या घालून बघायचं नाही. एकदा तसं झालं की ती पुढच्या वेळी पहिल्यांदाच ताट भरून घेते. दंड लावण्याच्या मी विरोधात आहे. मुली खरकटं कागदात गुंडाळून खोलीत नेतात, आणि तुमची वही खोटी पडते.

वाढपाचं हेच भान शाळांनाही हवं. शाळांमध्ये पोषण आहाराचं धान्य ठरलेलं असतं, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५०. पण पहिलीतलं लेकरू आणि पाचवीतला मुलगा सारखं खात नाहीत, म्हणून लहानांना आधी, थोडं आणि जरा निववून वाढा. खिचडी चटके देत असेल तर सुट्टी संपेपर्यंत ते नुसतं फुंकर घालत बसतं.

तरीही उरलंच तर सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि एप्रिल-मेमध्ये आपलं स्वयंपाकघरच चाळिशीच्या पुढे असतं. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर उरलेला भात परातीत पातळ पसरून लगेच निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात कुणालाच द्यायचा नाही, गरिबाला तर मुळीच नाही. बाहेर द्यायचं अन्न न वाढलेलं, झाकलेलं आणि गरम असतानाच गेलं पाहिजे. नेणाऱ्या संस्थेशी आधीच बोलून ठेवा, रात्री दहाला फोन लावून उपयोग नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत, ते मेस कमिटीने एकदा वाचावेत.

खरकटं गाईला घालतो असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. शिजलेला भात आणि भाकरी एकदम पोटात गेली तर जनावराला आम्लता होते, पोट फुगतं, कधी जीवही जातो. बादलीभर ओतू नका. साल-देठं गोठ्यात चालतात. खरकटं निथळून, दुप्पट वाळक्या पाल्यात मिसळून खताच्या खड्ड्यात टाका, आठवड्यातून एकदा खालीवर करा. वास आला तर पाला कमी पडलाय असं समजा.